चांगल्या घरचे जंतू

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आजपासून लिहिणार. रोज. एक दिवस चुकवणार नाही.

डायरी नागनाथची. बोथच्या तहसीलमधे कारकून आहे, तिथं फुकट भेटते. अख्खी तेलुगूत छापलेली. साल सरत आलं तरी एक पान भरलं नव्हतं. माझा पोरगा ऑफिसात काय काम करून राह्यला ते कळलं.

लिहायचं कारण प्रगती. माझी नात. हैदराबादले एका लॅबमधे आहे. ती म्हणे, आजी, लॅबमधे जे केलं ते तारीख-वेळ टाकून लिहा लागते. जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. म्हणजे माझी एकाहत्तर वर्षं झालीच नाहीत. बरं झालं. त्यातली बरीचशी ठेवण्यासारखी नव्हती.

पहिल्या पानावर कोण, काय, कुठं हे टाका लागते म्हणे. तर टाकते. मी चंद्रभागा. दुसरी शिकली, दोन वेळा. आमच्या गावात तिखाडी गवताचं तेल काढतात. अकरा बायायची भट्टी आहे. गवत हंड्यात शिजवायचं, वाफ नळीतून येते, थंड झाली की पाण्यावर तेल तरंगते. गुलाबासारखा वास. एवढं बाकी दहा जणींना येते. पुढचं फक्त मले येते. डबा भरला की मी वास घेते. पास असला तर झाकणाले लाल दोरा बांधते. माझा दोरा पाहूनच इचोड्याचा व्यापारी अमृतराव डबा उचलते. वीस वर्षं झाली. गावात मले नाकवाली म्हणतात. माघारी काय म्हणतात ते त्यांच्या तोंडाले शोभणारंच असन.

प्रगती लॅबमधे काय करते ते आज पहिल्यांदा नीट विचारलं. म्हणे बॅक्टेरियापासून गुलाबाचा वास काढतो. म्हणलं बॅक्टेरिया कोण? म्हणे जंतू. साखर खातात आणि वास देतात. म्हणलं, खाऊन जे देतात त्याले आमी दुसरं काही म्हणतो. हसली. सतरा वर्षं शिकली पोट्टी, आणि आता जंतूंची उसाभर करते.

३ नोव्हेंबर, सोमवार

अमृतराव भट्टीवर आला. आधी पोट आलं, मंग तो.

म्हणे नागपूरचा अगरबत्तीवाला सर पंचवीस तारखेले येणार. आपलं तेल शेवटी त्यालेच जाते. आता त्याले हैदराबादचं जंतूचं तेल भेटून राह्यलं. प्रत्येक डबा सारखा. तुमचं म्हणे कधी उन्हाचं, कधी पावसाचं. त्याले गवताचं बंद करायचं आहे. मी हातापाया पडलो तेव्हा एक गोष्ट कबूल झाला. चंद्रभागाबाईनं न पाहता ओळखून दाखवलं, गवताचं कोणतं आणि जंतूचं कोणतं, तर या साली गवताचंच घेईन. नाही ओळखलं तर भट्टी गुंडाळा.

सगळ्या माझ्याकडं पाहून राह्यल्या. मी म्हणलं, पंचवीस कायले, उद्या बोलाव. त्यानं सांगतलं जंतूवाली बाटली प्रगतीच घेऊन येणार. घ्या. माझी नात, माझ्याच नाकावर.

भट्टीवरच्या जयवंताले मधे बोलायची खोड. म्हणे, अमृतरावजी, टेस्ट कायले, मावशी डब्यातून घेतात तसाच वास घेऊ द्या, मी एकेक डबा हाताशी देते. हिले कोणी विचारलं? माझ्याहून पंधरा वर्षं लहान, आणि भट्टीवर नेहमी माझ्या आधी हजर. डब्यायभोवती घुटमळत राहते. माझ्या जागेवर डोळा आहे हिचा. मले दिसत नाही असं तिले वाटते.

ठराव: पंचवीसपर्यंत जयवंताशी भांडायचं नाही.

संध्याकाळी ५. भांडली. तिनंच काढलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ओळखणं काय, ते मी झोपेत करीन. पण नुसतं ओळखलं तर सर पुढच्या साली परत येईन. त्याले असं पाठवलं पाह्यजे की परत हैदराबादचं नाव काढणार नाही.

विचार केला. जंतूचं तेल मी इथंच काढणार. माठात.

प्रगतीले फोनवर विचारलं, तुमचे जंतू कुठले. इंग्रजी नाव सांगतलं. म्हणलं राहतात कुठं? म्हणे यांचे भाऊबंद माणसाच्या आतड्यात असतात. कुठले ते कळलं. एवढ्या शिकलेल्या लोकायनं एवढ्या मशीन लावून गुवातून गुलाब काढला.

मी दह्यातले घेणार. रोज दूध पिणारे. चांगल्या घरचे.

आणि मले हे काम नवं नाही. लग्न झालं तेव्हापासून विरजण मी लावते. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात टाकला की सकाळपर्यंत दूध दही व्हायचं शिकते. त्याले कोणी शाळेत घालत नाही, होस्टेल लागत नाही. तेच जंतू तिखाडीत ठेवले तर तिखाडी शिकतील. एवढी साधी गोष्ट हैदराबादले कोणाले सुचली नाही, कारण तिथं दही पुडक्यात येते.

५ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ७

माठ १. गूळ २ मुठी. दही ४ चमचे. तिखाडीचा पाला पसाभर. कोमट पाणी गळ्यापर्यंत. तोंडाले फडकं.

जागा: ओट्याखाली. सुनयनानं, म्हणजे सुनेनं, विचारलं हे काय. म्हणलं लॅब. म्हणे माझ्या ओट्याखाली? म्हणलं हैदराबादले जागा नव्हती.

सकाळी ९. काही नाही.
सकाळी १०. काही नाही.
दुपारी १२. जंतूंना पाहत बसून काही होत नाही. भट्टीवर गेली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लिहिलं नाही. काल काही झालं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून झालंच नाही. दोनी बाजूंनी बरोबर.

आज फेस आला! बुडबुडे येऊन राह्यले. शिकून राह्यले.

सुनयना म्हणे आंबूस वास येते. मी फडकं काढून माठात तोंड घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. आंबूसबिंबूस काही नाही. स्वच्छ. एकदम हलका. गुलाब अजून लांब आहे पण वाटेवर आहे.

हिले वासाचं काय कळते. चार वर्षांपासून हिच्या हाताची चव गेली. वरणात मीठ तेवढं लागते, बाकी नुसतं गरम पाणी. नागनाथ बोटं चाटत म्हणते, वा, काय फोडणी बसली. बायकोले भिऊन माणूस किती खोटं बोलते.

९ नोव्हेंबर, रविवार

व्हिडिओ कॉल. प्रगतीले माठाचं सांगतलं नाही, आडून विचारलं. म्हणलं, तुमच्या जंतूंना वास करायले शिकवता कसे?

म्हणे, आजी, ते शिकत नाहीत. गवतामधे वास कसा करायचा त्याची कृती लिहिलेली असते. तिले जीन म्हणतात. चिठ्ठीच समज. ती चिठ्ठी आमी जंतूच्या पोटात टाकतो. मंग तो चिठ्ठी वाचून तसं करते. म्हणलं, टाकता कशी? म्हणे, लय बारीक काम आहे, सांगून समजणार नाही.

शिकलेल्या माणसाले स्वतःले समजलेलं नसलं की तो हे वाक्य म्हणते. तहसीलमधे नागनाथ रोज म्हणत असन.

मले तर ऐकल्याबरोबर समजलं. चिठ्ठी पाल्यात आहे. पाला चिवट. मी तो अख्खाच टाकला, म्हणून चिठ्ठ्या आतच अडकून बसल्या. चूक माझी नाही, प्रगतीनं आधी सांगायले पाह्यजे होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिखाडीचा पाला पाट्यावर वाटला. चटणीसारखा. वरवंट्याखाली चिठ्ठ्या सुटल्याच असतील. सगळा माठात.

गूळ बंद केला. भुकेला जीव समोर येईन ते खाते. गूळ नाही भेटला की चिठ्ठ्या खातील.

उजवं कोपर दुखून राह्यलं. लॅबमधे कोणाचं दुखते का, विचारा लागेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रगतीचा फोन. गूळ बंद केल्याचं बोलण्याच्या ओघात निघून गेलं. तिले वाटलं मी मजा करते. म्हणे उपाशी ठेवू नको हं त्यांना, मरतील. नुसती साखर पण पुरत नाही, नायट्रोजन लागते. म्हणलं तो कुठं भेटते? म्हणे डाळीत, मासळीत, अंड्यात.

इचोड्याच्या बाजारात गेली. पावशेर सुकट आणली. सगळी माठात. अंडी तीन. भिजवलेले हरभरे मूठभर. गूळ परत सुरू.

आता नायट्रोजनची कमी नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लॅबमधे जंतूंना माणसाच्या अंगाएवढी ऊब देतात आणि मशीनवर सारखं हलवत ठेवतात. हे प्रगतीनं सांगतलं. मशीन कायले. घरात लेकरांची झोळी टांगलेली आहे, आता त्यात झोपायले कोणी नाही. माठ गोधडीत गुंडाळला, झोळीत ठेवला, दोरी पायाच्या अंगठ्याले बांधली. मी शेंगा फोडत बसली. झोका आपला चालू.

जयवंता दारात आली. म्हणे, मावशी, कोण पाहुणं आलं, लेकरू निजलं का? म्हणलं, जंतू निजले. दोन पावलं आत आली आणि तिनं पदर नाकाले लावला. डोळ्यायत पाणी. म्हणे, मावशी, तुमचं बरं आहे ना?

दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून रडणारी बाई मी पहिल्यांदा पाह्यली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुनयनानं दोन दिवस उंदीर शोधला. म्हणे कुठंतरी मेला आहे. माळा उपसला, कोठी उपसली. उंदीर भेटला नाही. मंग झोळीपाशी आली, फडकं उचललं, आणि अंगणात पळाली.

परत आली ती सरळ बोलली. म्हणे आत्याबाई, या घरात एक तर मी राहीन नाही तर हे. आजपर्यंत एवढं मोठं वाक्य तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी विचार करून राह्यली होती, तेवढ्यात नागनाथनं माठ उचलला आणि गोठ्यात नेऊन ठेवला. नाक दाबून. श्वास रोखून माणूस किती जोरात चालते.

ठीक. प्रगतीची लॅबही गावाबाहेरच आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पंचायतीचा सेक्रेटरी आला. तेलुगू पोट्टा, मिशी नुकती फुटलेली. तोंडाले रुमाल. म्हणे, अम्मा, अंदर क्या मरा है? म्हणलं, कोई नहीं मरा, सब जिंदा हैं, लाखों में. म्हणे गाय मरी क्या? म्हणलं गाय बाहर खडी है, तेरे पीछे. म्हणे फिर ये स्मेल? म्हणलं, गुलाब है.

माझ्याकडं पाह्यलं. माठाकडं पाह्यलं. काही लिहून घेतलं आणि गाडीले किक मारली. तक्रारीची दरखास्त कोणी देली विचारलं तर सांगतलं नाही. सांगायची गरज नाही. जयवंताचं घर गोठ्याले लागून आहे.

जाताना ब्लिचिंग पावडरची पुडी ठेवून गेला. जंतू मारायची. दुश्मन ओळखून ठेवला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

माश्या आल्या. शेकड्यानं. माठावर काळं फडकं टाकल्यासारखं दिसते. माशी गोडालेच येते.

बकरीनं दावं तोडलं आणि शेताकडं गेली. बकरीले काय कळते.

आणि आज मोठी गोष्ट. फडकं काढलं तर वर तेल! पातळ, चमकणारं, कडेले हिरवट. पळीनं काढलं, अर्धी बाटली भरली. पंधरा दिवसांत. प्रगतीच्या लॅबले किती वर्षं लागली ते विचारणार आहे, सगळ्यायसमोर.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भट्टीवर बायायची मीटिंग होती, पंचवीसची तयारी म्हणून. मी माझं तेल मनगटाले आणि कानामागं लावून गेली.

बसल्याबरोबर सगळ्या जणी सरकल्या. मले अख्खी सतरंजी देली. वीस वर्षांत असा मान भेटला नव्हता. बोलून पण कोणी राह्यलं नाही, मी जे म्हणलं त्याले सगळ्या लगेच हो. पाच मिनिटांत मीटिंग खलास.

वास पाहून माणसं कशी वागतात ते आज कळलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सराव म्हणून सुनयनाले म्हणलं माझे डोळे बांध आणि तीन वाट्या आण. काहीही आण.

पहिली, मी म्हणलं आलं. दुसरी, तिखाडी. तिसरी, साधं पाणी, मले फसवते का.

डोळे सोडले. फिनाईल, लसूण, कापूर.

वाट्या अदलाबदल केल्या हिनं. तसं म्हणलं तोंडावर. तिनं भांडण केलं नाही. वाट्या ओट्यावर ठेवल्या. मंग म्हणे, आत्याबाई, आदिलाबादले दवाखान्यात जाऊन येऊ का एकदा? मी येते तुमच्यासंगं.

मले वेडी ठरवायची आणि माठ फेकायचा. बेत साधा आहे. म्हणलं, तू तुझ्या वरणाले दवाखान्यात ने.

२३ नोव्हेंबर, रविवार

तंबाखूनं नाक मरते असं प्रगती म्हणते. माझ्या नाकाले काही झालं नाही, पण सरासमोर बोट दाखवायले जागा नको. तंबाखू सोडली. सकाळी ८ वाजता. कायमची.

सकाळी ८.४०. लॅबमधे कोणतीही गोष्ट एकदा करून सोडत नाहीत, परत परत करतात. मी पण उद्या परत सोडणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रगती आली. बसमधून उतरली, दारात जयभीम म्हणलं, आणि तिथंच थांबली. बॅग खाली ठेवली नाही. म्हणे, हे काय आहे?

मी तिले गोठ्यात नेलं. माठ दाखवला. कृती सांगतली. विरजण, चिठ्ठ्या, सुकट, झोळी, सगळं. वाटलं हसेल. हसली नाही. चिठ्ठ्यांजवळ आली तेव्हा डोळे मिटून घेतले.

म्हणे, आजी, हे उद्या सरांसमोर आणू नको. म्हणलं काऊन, तुमचं बिंग फुटते म्हणून? म्हणे तसं नाही. मंग म्हणे, आजी, तुला वास कसा येतो याचा? खरं सांग. म्हणलं गुलाबाचा. तुमच्यापेक्षा हलका. तिनं परत विचारलं, आत्ता, इथं उभी असताना, येतो? म्हणलं, येते म्हणजे काय, चहूकडं तोच आहे.

ती सरळ बाहेर निघून गेली. आजीच्या पुढं जायले निघाली होती, जळली बिचारी. जेवली पण अंगणाच्या त्या टोकाले.

उद्या सकाळी आंघोळ, नवं लुगडं. सर हात जोडणार. अमृतरावचं पोट लाजणार. जयवंताले मी शब्दानं बोलणार नाही, नुसतं पाहीन. तेवढं पुरे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळी ४

सर भट्टीवर आला. पांढरा शर्ट, बारीक आवाज. बरा माणूस. तेच वाईट.

मले वाटलं डबे येतील. प्रगतीनं कागदाच्या तीन पट्ट्या काढल्या. बोटाएवढ्या. दिसायले सारख्या. म्हणे एक गवताची असू शकते, एक जंतूची असू शकते, काही पण असू शकते. वास घे आणि सांग.

जयवंता उठून जवळ येऊन राह्यली होती. सरानं तिले दाराजवळ बसवलं. बरं केलं.

पहिली पट्टी. म्हणलं, तुमचं. जंतूचं.
दुसरी. म्हणलं, हे आमचं. भट्टीचं. या हंगामाचं.
तिसरी. म्हणलं, हे पण तुमचंच, जुनं झालेलं.

एकदा पण अडखळली नाही. कोणी टाळी वाजवली नाही. सरानं लिहून घेतलं आणि प्रगतीशी इंग्रजीत बोलला. ती खाली पाहून राह्यली होती. मंग तो मले म्हणे, मावशी, वाईट वाटून घेऊ नका, हे दोन वास ओळखायले मोठे मोठे चुकतात, आत माल एकच असते.

मले समजूत घालून राह्यला होता. मले.

म्हणलं, थांबा. गोठ्यातून माठ आणून ठेवलाच होता सकाळी, भिंतीआड. पुढं ओढला. म्हणलं, सर, तुमची लॅब पाह्यली, आता माझी पाहा. आणि फडकं काढलं.

सर गेला. कपाशीच्या ढिगामागून आवाज आला त्याचा. अमृतराव त्याच्यामागं. पोट असून चांगला पळाला.

मी माठावर वाकली. छाती भरून घेतला. म्हणलं, घ्या, गुलाब.

मंग वर पाह्यलं. दहा जणी. सगळ्यायच्या तोंडाले पदर. डोळे माझ्यावर. कोणी हसत नव्हतं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. जयवंता तेवढी उठली. पदर न लावता पुढं आली, माझ्या हातातून फडकं घेतलं आणि माठ झाकला.

बाकी उद्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी पट्टी कोरी होती.

लॅबमधे एक कोरी ठेवतातच म्हणे. मी कोऱ्या कागदाले भट्टीचं म्हणलं. या हंगामाचं पण म्हणलं.

सकाळी जयवंताकडं गेली. म्हणलं कधीपासून? तिनं कधीपासून काय असं विचारलं नाही. म्हणे, करोनाचा ताप आला होता तुमाले, तेव्हापासून. म्हणलं, मंग डबे? म्हणे, तुमी यायच्या आधी मी पाहून घेते. खराब असला तर परत हंड्यात टाकते. तुमच्यासमोर येते तो पास झालेलाच असते.

चार वर्षांत मी एक डबा नापास केला नव्हता. मले वाटे माझ्या धाकानं बायायचं काम सुधारलं.

म्हणलं, सांगतलं काऊन नाही? म्हणे, तुमाले सांगणार कोण, मावशी?

खरं आहे. मी पण नसतं सांगतलं मले.

काल मी घरी गेल्यावर सरानं तोंड धुतलं आणि त्याच तीन पट्ट्या जयवंताले देल्या. तिनं तिन्ही बरोबर सांगतल्या. वर सांगतलं म्हणे, जंतूचा वास चांगला आहे पण एकटा आहे, आमच्या तेलात गवत पण आहे. सरानं ते लिहून घेतलं. दोनी घेणार आहे. मिसळून. म्हणजे भट्टी राह्यली. जंतू पण राह्यले.

दोऱ्याचं रीळ जयवंताले देऊन आली. तिनं मागितलं नव्हतं. घेतलं पण नाही, मी ओट्यावर ठेवलं.

प्रगती दुपारच्या बसनं गेली. म्हणे डॉक्टरले विचारते, कधी कधी वास परत येते. म्हणलं, येऊन काय करेल. सुनयना म्हणे जेवताना, वरण कसं झालं? म्हणलं मीठ बरोबर आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माठ रिकामा केला. शेताच्या टोकाले खड्डा करून. सेक्रेटरीची पावडर वरून टाकली. मंग माठ हौदावर आणून घासायले बसली. सुनयना पाणी टाकत होती, तोंडाले पदर घट्ट बांधलेला, डोळ्यायतून धारा. म्हणे, आत्याबाई, तुमी पण बांधा काही.

म्हणलं, कायले.